६८.४ टक्के: दुधाचा एक आकडा आणि त्यामागची अंमलबजावणी

२०१२ च्या जानेवारीत एक आकडा घराघरांत पोचला. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे आपण ज्याला एफएसएसएआय म्हणतो त्या संस्थेने, आदल्या वर्षी देशभरातून दुधाचे नमुने गोळा केले होते. ३३ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एकूण १,७९१ नमुने. त्यांतले १,२२६ नमुने ठरलेल्या प्रमाणकात बसले नाहीत. म्हणजे ६८.४ टक्के. बातम्यांमध्ये त्याचं वाक्य झालं: देशातलं दोन तृतीयांश दूध भेसळीचं. परदेशी माध्यमांनी डिटर्जंटचाच मथळा केला. महाराष्ट्राच्या वाट्याला ६५ टक्के आले. गोवा आणि पुद्दुचेरीतले सगळे नमुने पास झाले. बिहार, पश्चिम बंगाल, ओडिशा, झारखंड आणि छत्तीसगडमधले सगळे नापास.

या आकड्यावरून सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले, जन्मठेपेची भाषा झाली. पुढच्या मोठ्या सर्वेक्षणाला याच आकड्याशी झगडावं लागलं, आणि आजही दुधाचा विषय निघाला की तो कुणाच्या ना कुणाच्या तोंडून बाहेर पडतोच. सरकार शुद्धतेचं प्रमाणक कसं लावतं, कुठे पकडतं आणि कुठे चुकतं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही.

आकडा उघडून पाहिला तर

१,२२६ नापास नमुन्यांपैकी ५७४ नमुन्यांत फॅट किंवा एसएनएफ कमी भरलं होतं. एसएनएफ म्हणजे दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ: प्रथिनं, दुग्धशर्करा, खनिजं. ते कमी भरण्याचं मुख्य कारण पाणी. आणखी ५४८ नमुन्यांत दुधाची भुकटी मिसळलेली होती, आणि त्यांपैकी ४७७ मध्ये ग्लुकोजही सापडलं. डिटर्जंटचा अंश १०३ नमुन्यांत मिळाला. भांडी, कॅन, टाक्या धुतल्यावर नीट न खळबळल्यामुळेही तो उतरतो, आणि प्राधिकरणाने त्याचा संबंध अस्वच्छ हाताळणीशीच जोडला होता.

टक्केवारीत एक खाच होती. डिटर्जंटचे ८.४ टक्के म्हणून जो आकडा फिरला, तो नापास नमुन्यांमधला हिस्सा होता. सगळ्या १,७९१ नमुन्यांत मोजला तर तो पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. तोही थोडा नाही. पण ‘दोन तृतीयांश दुधात विष’ आणि ‘दर शंभर नमुन्यांत सहांमध्ये साबणाचा अंश, बऱ्याचशा उरलेल्यांत पाणी किंवा भुकटी’ या दोन वाक्यांवरून सरकारने करायची कामं पूर्णपणे वेगळी निघतात.

पाणी घालणं क्षम्य आहे असं मी म्हणत नाही. ज्या घरात दिवसाला अर्धा लिटरच दूध येतं आणि तेही लहान मुलासाठी, तिथे त्यातला पाव भाग पाणी असेल तर त्या मुलाच्या तोंडचं अन्न काढून घेतलेलं असतं. पाणी विहिरीचं की ओढ्याचं, हा प्रश्न त्यावर आणखी. पण चोरी आणि विषप्रयोग हे दोन गुन्हे आहेत. दोघांचा तपास वेगळा, पुरावा वेगळा, शिक्षाही वेगळी असायला हवी.

आणखी एक गोष्ट त्या वेळी जवळजवळ कुणी पाहिली नाही. नापास नमुन्यांत शहरातले ८४५ होते, आणि त्यांतले २८२ पिशवीबंद दुधाचे. म्हणजे ‘सुट्टं दूध वाईट, पिशवीचं चांगलं’ ही शहरी मध्यमवर्गाची समजूतही याच अहवालाने डळमळीत केली होती. बोट मात्र सायकलवर किटल्या लावून येणाऱ्या गवळ्याकडेच वळलं.

‘भेसळ’ हा शब्द कुठून आला

गोंधळाचं मूळ कायद्याच्या भाषेत आहे. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यात भेसळीची व्याख्या फार रुंद होती. पदार्थाचा दर्जा किंवा शुद्धता ठरलेल्या प्रमाणकाखाली गेली की तो पदार्थ भेसळयुक्त, मग त्याने आरोग्याला अपाय होवो न होवो. प्राथमिक अन्नाच्या बाबतीत नैसर्गिक कारणांची एक सवलत होती, पण ती सिद्ध करायची जबाबदारी किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसावर येऊन पडायची. शिक्षा किमान सहा महिने कैद. ०.३ टक्के फॅट कमी भरलेलं दूध आणि मुद्दाम रसायन घातलेलं दूध एकाच व्याख्येखाली यायचं.

५ ऑगस्ट २०११ पासून नवा कायदा, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, प्रत्यक्षात लागू झाला. त्याने हे सगळं वेगवेगळ्या खणांत लावलं. प्रमाणकाखाली आहे पण अपायकारक नाही, तो ‘कमी दर्जाचा’. त्याला कलम ५१ खाली पाच लाखांपर्यंत दंड, आणि तो न्यायालयात नाही तर न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचे सहआयुक्त करतात. लेबल फसवं असेल तर ‘मिथ्याछाप’. अपायकारक असेल तर ‘असुरक्षित’, आणि त्यासाठी कलम ५९ खाली फौजदारी खटला. अपाय झाला नसेल तर तेव्हा सहा महिन्यांपर्यंत कैद होती, मृत्यू झाला तर किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत.

मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. पण सर्वेक्षणाचा आकडा बाहेर आला तेव्हा नवा कायदा लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. लोकांच्या, पत्रकारांच्या आणि बऱ्याच अधिकाऱ्यांच्याही डोक्यात १९५४ चा शब्द पक्का बसलेला होता. अहवालात ‘प्रमाणकात न बसणारे’ असं होतं, लोकांनी ‘भेसळयुक्त’ वाचलं.

गाय तीच, राज्य बदललं

प्रमाणक म्हणजे दगडावरची रेघ, असं आपल्याला वाटतं. दुधाच्या बाबतीत ते तसं नव्हतं. त्या काळात गाईच्या दुधाला महाराष्ट्रात ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ लागायचं. पंजाब आणि हरियाणात फॅट ४ टक्के हवं होतं. ओडिशात ३ टक्के चालायचं. म्हणजे ३.६ फॅटचं दूध महाराष्ट्रात शुद्ध, आणि तेच दूध हरियाणात नेलं तर नापास. म्हशीच्या दुधाला काही राज्यांत ६ टक्के, काहींत ५.

या प्रमाणकांना कारणं होती. कुठल्या भागात कुठल्या जातीची जनावरं, चारा कसा, यावरून ती ठरली होती. पण अशा वेगवेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजलेले नमुने एका टक्केवारीत ओतले की तयार होणारा आकडा देशाच्या दुधाबद्दल नेमकं काय सांगतो, हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

नंतर नियमावली बदलली आणि गाईच्या दुधासाठी देशभर ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ असं एकच प्रमाणक आलं. आपल्याकडे मात्र दराचा हिशेब अजूनही जुन्याच पट्टीने होतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केलं, तेव्हा आधारभूत प्रत ३.५/८.५ हीच धरली होती. दूध कायद्याने शुद्ध असतं, दराच्या पत्रकात मात्र कमी प्रतीचं ठरतं आणि पॉइंटमागे कपात होते. शेतकऱ्याच्या मनात ‘शासनाचं प्रमाणक’ म्हणून जे बसलेलं असतं ते हे दरपत्रक. प्रयोगशाळेचा अहवाल त्याने कधी पाहिलेला नसतो.

संकलन केंद्रावर, सकाळी सहाला

भेसळीची गणितं जिथे सुरू होतात ती जागा जवळून पाहायला हवी. कुठल्याही गावातलं दूध संकलन केंद्र घ्या. पत्र्याची शेड, ओली फरशी, वजनकाटा, टेबलावर दूध तपासायचं यंत्र. मोटारसायकलला कॅन अडकवून माणसं येतात. मोजणारा कॅनमध्ये प्लंजर फिरवून वरची साय खालपर्यंत एकजीव करतो. हे नीट केलं नाही तर वरून काढलेल्या नमुन्याला फॅट जास्त लागतं, तळातून काढलेल्याला कमी, आणि मग भांडण. चमचाभर दूध यंत्राच्या नळीखाली जातं. पाऊण-एक मिनिटात पडद्यावर आकडे येतात: फॅट, एसएनएफ, डिग्री. पावती फाटते. माणूस पावतीकडे बघतो, काही बोलत नाही, किंवा ‘आज फॅट का लागंना?’ एवढंच विचारतो.

ती पावती हे त्याचं उत्पन्न. आणि तिच्यावर जे आकडे आहेत, तेवढंच दुधाबद्दल विचारलं गेलेलं आहे.

डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं माप, दुधाची घनता. दुधात पाणी घातलं की घनता उतरते. ती परत चढवायची असेल तर विरघळणारं काहीतरी घालावं लागतं: साखर, मीठ, ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन, युरिया. भुकटी तर सगळ्यात सरळ, ती दुधाचीच. म्हणून भुकटी आणि ग्लुकोज एकत्र सापडणं हा योगायोग नव्हता. पाणी लपवायला भुकटी, भुकटी परवडेना म्हणून ग्लुकोज. ज्या आकड्यावर पैसे मिळतात, तोच आकडा बनवला जातो.

युरियाचं आणखी अवघड आहे, कारण तो दुधात मुळातच असतो. म्हणून नियमात त्याला शून्य मर्यादा नाही. किलोमागे ७०० मिलिग्रॅमपर्यंत तो नैसर्गिक धरला जातो. त्यापुढे सापडला की संशय. साध्या रंगचाचणीत दूध पिवळं होतं, पण किती पिवळं म्हणजे दोषी, हे डोळ्याने सांगता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत न्यावाच लागतो.

चार बाटल्या

आणि नमुना नेणं ही सोपी गोष्ट नाही. अन्न सुरक्षा अधिकारी टँकर अडवतो किंवा डेअरीत शिरतो. कायद्याने नमुन्याचे चार भाग करायचे. दूध नासू नये म्हणून प्रत्येक बाटलीत फॉर्मॅलिनचे मोजके थेंब टाकायचे. पंचवीस मिलिलिटरला दोन थेंब असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. झाकण घट्ट, वर जाड कागद, कागदाची टोकं दुमडून चिकटवायची. पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या, म्हणजे त्याच्या वरिष्ठाच्या, सहीची आणि क्रमांकाची चिठ्ठी तळापासून वरपर्यंत लावायची, दोऱ्याने उभं-आडवं बांधायचं, गाठींवर लाखेचं सील. विक्रेत्याची सही अशी घ्यायची की ती चिठ्ठीवरही पडेल आणि कागदावरही. साक्षीदार हवा. पहाटे पाचला, रस्त्याच्या कडेला, टँकरच्या चालकासमोर हे सगळं करायचं. यातली एक पायरी चुकली की वर्षभराने वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

एक बाटली अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि व्यावसायिकाने मागितलं तर चौथी मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल विरोधात गेला तर व्यावसायिकाला तीस दिवसांत अपील करता येतं, मग जपून ठेवलेली बाटली निर्देशित प्रयोगशाळेत जाते आणि तिचा निकाल अंतिम. ही पद्धत न्याय्य आहे. एका यंत्राच्या चुकीने कुणाचा धंदा बुडू नये म्हणून ती तशीच असायला हवी.

पण दुधाचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. चौदाव्या दिवशी अहवाल येतो तेव्हा त्या टँकरमधलं दूध कुणाच्या चहात गेलं, कुणाच्या खिरीत, कुणाच्या बाळाच्या बाटलीत, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. धान्य, तेल, मसाल्याच्या बाबतीत साठा सील करून थांबता येतं. दुधाच्या बाबतीत थांबणं म्हणजे ओतून देणं. म्हणून टीव्हीवर आपण पाहतो ती गटारात ओतली जाणारी दुधाची धार ही कारवाई वाटते, पण पुष्कळदा तेव्हा अहवाल यायचाच असतो.

न्यायालयात

आकडा बाहेर आल्यावर उत्तराखंडचे स्वामी अच्युतानंद तीर्थ आणि उत्तर भारतातले आणखी काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ ची रिट याचिका १५९. मागणी साधी: दूध शुद्ध मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि सरकारं कायदा राबवत नाहीत. पुराव्याचा मुख्य आधार ६८.४.

५ डिसेंबर २०१३ ला न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने अंतरिम आदेशात राज्यांना कडक शिक्षेचा विचार करायला सांगितलं. त्याला कारण होतं. भारतीय दंडसंहितेच्या कलम २७२ खाली भेसळीची शिक्षा सहा महिने किंवा हजार रुपये दंड एवढीच होती. उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल आणि ओडिशा यांनी आपापल्या राज्यांत दुरुस्ती करून ती जन्मठेपेपर्यंत नेली होती. बाकीच्यांनीही तसं करावं, असा न्यायालयाचा कल होता.

अंतिम निकाल ५ ऑगस्ट २०१६ ला लागला, नवा कायदा लागू झाल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्या. आर. भानुमती आणि न्या. उदय लळित यांचं खंडपीठ. निकालातले निर्देश मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत, कारण त्यांतले बरेचसे अगदी कामाचे आहेत. भेसळीची शक्यता जास्त असलेले भाग आणि काळ ओळखून तिथे जास्त नमुने घ्या. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त करा, त्यांत माणसं आणि यंत्रं द्या. फिरत्या व्हॅनमधून जागेवर प्राथमिक चाचणी करा. राज्यात मुख्य सचिवांची आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची समिती नेमा. तक्रारीसाठी संकेतस्थळ ठेवा. आणि शिक्षा वाढवण्याचा विचार करा.

बातम्यांमध्ये ठळक झाली ती शेवटची गोष्ट. ‘दूध-भेसळीला जन्मठेप’ हे वाक्य मथळ्यात बसतं, ‘प्रयोगशाळेला मान्यता’ बसत नाही.

पुढे तो जन्मठेपेचा रस्ताच अरुंद झाला. २१ फेब्रुवारी २०२४ ला राम नाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ जिथे लागू होतं, तिथे दंडसंहितेची २७२ आणि २७३ ही कलमं लावता येणार नाहीत; विशेष कायदा वरचढ. म्हणजे ज्या कलमाची शिक्षा राज्यांनी वाढवावी असं २०१३ आणि २०१६ मध्ये सुचवलं गेलं, ते कलमच अन्नभेसळीच्या बहुतेक खटल्यांतून बाजूला झालं. त्याआधी, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कलम ५९ च्या सर्वांत खालच्या पायरीची कैद सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली होती आणि दंड एक लाखावरून तीन लाखांवर नेला होता. दहा वर्षं चर्चा शिक्षा वाढवण्याची झाली, आणि खालच्या पायरीवर कैद निम्म्यावर आली.

मला स्वतःला याचं वाईट वाटत नाही. जन्मठेपेच्या भीतीने भेसळ थांबेल, यावर माझा विश्वास नाही. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगरच्या न्यायालयाने एका दूधविक्रेत्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली. खटला १९९० चा होता. दुधाचा नमुना घेतल्यापासून निकालापर्यंत बत्तीस वर्षं. यातून भेसळ करणाऱ्या कुणाला धाक बसला असेल? आणि त्या एका माणसाला बत्तीस वर्षं तारखांना उभं करून कुणाचं दूध शुद्ध झालं? शिक्षा कितीची आहे यापेक्षा ती कधी होते आणि होणार हे नक्की आहे का, याला दुधाच्या बाबतीत फार महत्त्व आहे.

प्रयोगशाळा

आणि ती नक्की होणार की नाही हे प्रयोगशाळेत ठरतं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी करून अहवाल दिला. राज्यांच्या ज्या ७२ प्रयोगशाळांकडे नमुने जात होते, त्यांतल्या ६५ जणींना राष्ट्रीय मान्यता मंडळाची, म्हणजे एनएबीएलची मान्यता नव्हती. कायद्यालाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळा अपेक्षित आहे. अशा प्रयोगशाळेच्या कागदावर उभा राहिलेला खटला बचावाच्या वकिलाने हलवला तर दोष वकिलाचा नाही.

मान्यता म्हणजे भिंतीवरचं प्रमाणपत्र नव्हे. तराजू कधी तपासला, फॅट मोजायच्या ब्युटिरोमीटरच्या नळ्या प्रमाणित आहेत का, तोच नमुना दोन विश्लेषकांनी तपासला तर आकडे जुळतात का, याची नोंद. गर्बर पद्धतीत १०.७५ मिलिलिटर दूध, १० मिलिलिटर गंधकाम्ल, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून नळी यंत्रात फिरवतात आणि वर आलेला फॅटचा पिवळा स्तंभ रेघेवर वाचतात. वाचताना डोळा रेघेच्या पातळीत नसेल तर ०.१ चा फरक सहज पडतो. आणि कधी कधी माणूस पास की नापास हे त्या ०.१ वरच असतं.

दुसरं सर्वेक्षण

मे ते ऑक्टोबर २०१८ मध्ये प्राधिकरणाने पुन्हा सर्वेक्षण केलं. या वेळी ६,४३२ नमुने, पन्नास हजारांवर वस्तीची १,१०३ शहरं, त्रयस्थ प्रयोगशाळा. मुख्य म्हणजे या वेळी प्रश्नच वेगळा विचारला: प्रमाणकात बसतं का, हा एक, आणि पिण्यास सुरक्षित आहे का, हा दुसरा. २०११ च्या गोंधळातून प्राधिकरण एवढं नक्की शिकलं होतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अंतिम अहवाल आला. ९३ टक्के नमुने सुरक्षित. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड, न्यूट्रलायझर (दुधाचा आंबटपणा लपवणारे पदार्थ) अशी घातक भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. त्यांतले नऊ एकट्या तेलंगणातले. पण फॅट, एसएनएफ अशा दर्जाच्या निकषांवर सुमारे ४१ टक्के नमुने कुठे ना कुठे कमी पडले. माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखरही सापडली, ती सुरक्षिततेत नव्हे तर दर्जात मोजली.

दोन्ही सर्वेक्षणांच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे ‘६८ वरून ७ वर आलो’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. तुलना करायचीच असेल तर ६८ शेजारी ४१ ठेवावा लागेल, आणि तरीही जपूनच. प्राधिकरणाने स्वतः ९३ टक्क्यांवर इतका भर दिला की ४१ मागे पडले, ही मला त्या सादरीकरणातली उणीव वाटते. दहांतल्या चार माणसांना पैसे मोजूनही पूर्ण दूध मिळत नाही, ही बाब ‘सुरक्षित’ या शब्दाखाली झाकून ठेवण्यासारखी नाही.

जुना आकडा मात्र हटला नाही. दुसऱ्या सर्वेक्षणाचं काम चालू असतानाच ६८.७ टक्के असा त्याचा भाऊबंद फिरू लागला, आणि सोबत एक भयंकर वाक्य: भेसळ थांबली नाही तर २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असं जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलं आहे. संघटनेनं असं काहीही म्हटलं नव्हतं. केंद्र सरकारला खुलासा करावा लागला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ते अजून येतं, आणि पाठवणारे सहसा काळजीनेच पाठवतात. घरातली मोठी माणसं ते वाचून नातवाचं दूध बंद करतात. खोट्या आकड्याचं नुकसान तिथे होतं.

ज्याकडे बघायचं राहिलं

२०१८ च्या अहवालात सगळ्यात गंभीर गोष्ट भेसळ नव्हतीच. ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीतून येणारं विष मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. आणि त्या ३६८ मध्ये कच्च्या दुधाचे नमुने १४१, तर प्रक्रिया केलेल्या दुधाचे २२७ होते, जरी तपासलेल्या नमुन्यांत कच्चं दूधच जास्त होतं. आणखी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश होते.

हे अफ्लाटॉक्सिन कुणी घालत नाही. बुरशी लागलेलं खाद्य जनावराच्या पोटात जातं, तिथून दुधात उतरतं. उकळून ते जात नाही. पाश्चरायझेशनने जात नाही. वास नाही, चव नाही, दुधाची डिग्री बदलत नाही. पाणी घालणाऱ्याला पकडायला बसवलेली अख्खी यंत्रणा यापुढे आंधळी आहे, कारण इथे चोर कुणी नाही. लाखेचं सील, चार बाटल्या, पंच, सहआयुक्तांपुढची सुनावणी यांतलं काहीच गोठ्यापर्यंत पोचत नाही. ज्याला दंड करायचा तो शेतकरी स्वतः पैसे मोजून ते खाद्य विकत घेऊन आलेला असतो, आणि त्याला ते कळलेलंही नसतं.

आषाढात कुठल्याही गोठ्यात डोकवा. कोपऱ्यात सरकी पेंडीचं पोतं जमिनीवरच टेकलेलं असतं, खाली फळी नाही, पाठ भिंतीला लागलेली, भिंत ओली. पोत्याच्या तळाशी हात घातला तर पेंड कोमट लागते, गठ्ठे झालेले असतात, फोडले की आतून करडी-हिरवट दिसते. घरची बाई ते गठ्ठे हाताने चुरडते, पाणी मारते, घमेल्यात ओढून गाईपुढे ठेवते. संध्याकाळी धार निघते, कॅन केंद्रावर जातो, प्लंजर फिरतो, आणि यंत्र पावतीवर छापतं: फॅट ३.८, एसएनएफ ८.६.